हलणारा दात

माझ्या लेकीचा पुढचा दात हलायला लागला आणि आमच्या कारंज्याच्या घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. एरवी सहा वर्षांच्या पोरीचा दात हलला की लोक हसतात, चिडवतात. आमच्या पोरीचं लिव्हर जन्मापासून खराब. माझ्या लिव्हरचा तुकडा तिला बसवायचं ठरलेलं, आणि त्यातच लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. शीर मोकळी झाली नाही तर नवं लिव्हर जोडणं फार अवघड, कदाचित जमणारही नाही, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले. म्हणून रक्त पातळ करायची सुई मी सकाळ-संध्याकाळ तिच्या मांडीत टोचायची. पण असं पातळ रक्त एकदा वाहायला लागलं की लवकर थांबत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"दोरा बांधून वढतो न मी, एका झटक्यात निघते," सासूबाई म्हणाल्या. मी अशी काही ओरडले की दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मी पेरू लपवले, भाकरी दुधात कुस्करून दिली. मेला दात शेवटी दुपारी मऊ भात खाताना पडला.

हनुवटीवरून रक्ताचा ओघळ फ्रॉकवर आला. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. कापूस घट्ट दाबून धरा, थांबलं नाही तर लगेच निघा, ते म्हणाले. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, मी कापूस दाबला. नवऱ्याने गाडी दारात आणून ठेवली. पहिला बोळा लाल, दुसराही लाल. थांब रे बाबा, थांब, एवढंच मी पुटपुटत होते. मग कधीतरी बोळा पांढराच निघाला, आणि सासूबाईंना रडू फुटलं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आज संध्याकाळची सुई देऊ नका, उद्या घेऊन या.

"आजी, आज सुई नाई!" पोरगी नाचायलाच लागली.

"हळू वं माय, पडशीन!" सासूबाईंनी तिला धरलं. मग दोघींनी मिळून दात कौलांवर फेकला. "उंदीरमामा नवा देईन तुले."

सुईची वेळ आली आणि गेली. मी तिला जवळ घेऊन तिच्या पोटावर हात ठेवून बसले. दुपारी ज्या रक्ताला थांब म्हणून विनवलं, त्यालाच आता म्हणत होते, थांबू नको, वाहत राहा.