आखलेलं दाखवायचं कुणाला?

दगू मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या ब्लाउजचं माप घेत होते. मास्तरांच्या मुलाचा, संजयचा फोन. "ताई, बाबा गेले. झोपेतच गेले." एवढंच बोलला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि माप घेत राहिले. खांदा, छाती, कंबर, बाही... त्या बाई गेल्यावर बघते तर बाहीच्या जागी कंबर लिहिलेली आणि कंबरेच्या जागी काहीच नाही. खुर्चीत मटकन बसले आणि लगेच उठले. तेव्हापासून हे असंच चाललंय. एका जागी बसवत नाही. नाशिकला सिडकोतल्या माझ्या दुकानाचं शटर सकाळी वेळेच्या आधीच उघडते, चांगली धार असलेली कात्री धारवाल्याकडे नेते, इस्त्री केलेल्या कापडावर परत इस्त्री फिरवते. हे लिहायला बसले तर चहाच्या निमित्ताने कितीदा उठले, विचारू नका.

आणि हे नुसतं दुःख नाही, तेही आधीच सांगून टाकते. माझ्या टेबलावर एक शालू येऊन पडला होता. चांदवडच्या एका बाईंचा, त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. आता मुलीचं लग्न ठरलंय, तर त्याचा तिला घागरा-ब्लाउज शिवायचा. मास्तर होते तेव्हाच हे काम मी घेतलं होतं. "ताई, कापताना मला बोलवू नका हं, माझ्यानं बघवणार नाही," असं म्हणून त्या दाराशी गेल्या, परत आल्या आणि शालूवरून एकदा हात फिरवला. असं कापड पुन्हा कुठून आणणार? कात्री एकदा चुकली की संपलं. लग्न तोंडावर आलेलं, त्या बाईंचे फोन सुरू झालेले आणि माझा हात काही केल्या चालेना. कारण मास्तर गेले होते, आणि आखलेलं दाखवायचं कुणाला, हेच मला कळत नव्हतं.

हे दाखवण्याचं प्रकरण मास्तरांचं. रविवार कारंजाजवळच्या त्यांच्या दुकानात एक रीत होती. कापडावर खडूने आखलं की कात्री लावायच्या आधी ते दुसऱ्या कुणाला तरी दाखवायचंच. मग तो कोण का असेना. कारागीर, शेजारचा घड्याळवाला, एकदा तर पोस्टमनलाही त्यांनी थांबवून सुटाचं कापड दाखवलं होतं. "बघा हो साहेब, काय चुकलंय का?" पोस्टमन बिचारा काय बघणार! मी हसले, तर म्हणाले, "हसतीस काय? त्याला समजावून सांगताना मला समजतं. आपण आखलेलं आपल्याला बरोबरच दिसतं गं." सगळ्या नाशकात ज्याच्या कोटाचं नाव, तो माणूस रोज दिवसभर कुणाला ना कुणाला विचारत असायचा, काय चुकलंय का.

मी त्यांच्याकडे गेले ती सिन्नरहून, बारावी झाल्यावर. वडील भाजी घेऊन नाशिकला येत, त्यांची मास्तरांशी ओळख. "पोरीला लय घाई हाय, तेवढं सांभाळून घ्या," असं सांगून ते मला दुकानात सोडून गेले. घाई होतीच. मला कोट शिवायचे होते. मास्तरांनी हातात सुई दिली आणि तुरपाईला बसवलं. पँटच्या पायाची कड दुमडून तुरपाई, मग काज, मग बटण. मशीनला हात नाही, कात्री तर लांबच राहिली. काज जरा वाकडं झालं की बोट टेकवून एकच शब्द, "उसव." रागवायचे नाहीत, समजावायचे नाहीत. नुसतं उसव. संध्याकाळच्या एसटीत मी धुसफुसत बसायचे. घरी येऊन आईला म्हणायचे, "उद्यापासून जाणार नाही. मी काय बटणं लावायला जन्माला आलेय?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "नको जाऊस." आणि सकाळी डबा भरून तयार ठेवायची.

कात्री हातात यायला किती काळ गेला ते आता सांगत नाही, लोकांना खोटं वाटेल. पण ज्या दिवशी दिली त्या दिवशी काही सोहळा वगैरे नाही. एका गिऱ्हाइकाच्या साध्या पायजम्याचं कापड पुढ्यात सरकवलं, "हे बेत" म्हणाले आणि स्वतः पान आणायला निघून गेले. मी आखलं आणि त्यांची वाट बघत बसले. आल्यावर म्हणाले, "कापलं का नाही?" म्हटलं, "दाखवायचं होतं." त्या दिवशी माझा चहा त्यांनी स्वतः मागवला.

पुढे माझं लग्न झालं, मी बायकांचे कपडे शिवायला शिकले, स्वतःचं दुकान टाकलं, चार बायका हाताखाली आल्या. आणि तिकडे मास्तरांचं दुकान ओस पडत गेलं. पुरुष माणसं तयार कपडे घ्यायला लागली. संजय म्हणाला, बाबा, आता आराम करा. आणि एका सकाळी मास्तर माझ्या दुकानाच्या पायरीवर. पांढरा शर्ट, गळ्यात टेप. मला वाटलं भेटायला आले. तर म्हणतात, "शिकायला आलोय. ब्लाउज येत नाय मला."

मी म्हटलं, "मास्तर, थट्टा करू नका सकाळी सकाळी."

"थट्टा कसली? घरी बसून भिंत बघू का? बायकांचं काम वेगळं हाय. सुरुवात कुठून करतात तुझ्याकडं?"

"हूक लावण्यापासून," माझ्या तोंडून निघून गेलं. आणि हा माणूस चप्पल काढून कोपऱ्यात बसला आणि हूक लावायला लागला! मी किती विनवण्या केल्या. निदान कटिंगच्या टेबलाशी बसा म्हटलं. ऐकतील तर ना! दुकानात मला 'शोभाताई' म्हणायचे, 'अहो' करायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा एक गिऱ्हाईक आली आणि सगळ्यांदेखत त्यांना म्हणाली, "काका, हूक जरा घट्ट लावत जा, मागच्या वेळी ऐन मंगल कार्यालयात एक हूक निघाला." माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, कुणाला बोलताय? ते माझे मास्तर आहेत!" ती बाई गोरीमोरी झाली. ती गेल्यावर मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "हूक निघाला होता ना? मग तिचं काय चुकलं?" आणि तिचा ब्लाउज घेऊन सगळे हूक उसवून पुन्हा लावत बसले.

हळूहळू ते ब्लाउज बेतायला शिकले. मी आखलेलं त्यांना दाखवायचे, ते आखलेलं मला दाखवायचे. भारी कापड असलं की त्यांच्या "हं"शिवाय मी कात्री उचलत नसे. लोक मला विचारायचे, अजून कशाला त्यांना विचारतेस, तूच आता मास्तर. मी नुसतं हसायचे. त्यांना काय सांगणार... डोक्यावर कुणीतरी आहे, या गोष्टीत किती निवांतपणा असतो! मला वाटायचं, हा माणूस जाणारच नाही. शेवटच्या आठवड्यात जरा खोकला होता, म्हणून घरी थांबले होते. त्याआधी दुकानातून निघताना शालूकडे बघून म्हणाले होते, "घाई नको." बस.

परवा दुपारी जीव मुठीत धरून मी शालू आखायला घेतला. घागऱ्याचं सरळ होतं. ब्लाउजच्या बाह्या मात्र पदरातून काढायच्या, कारण त्यावरचे मोर दंडावर यायला हवे होते. पदर एवढासा, तो घडी न घालता एकेरीच पसरून आखला. कात्री हातात घेतली. ठेवली. पाणी प्यायले. परत घेतली. शेवटी माझीच मला चीड आली आणि मी ओरडले, "संगीता, इकडे ये." संगीता सुरगाण्याची, तीन-चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेली. हूक लावते. माझ्या तोंडाला इतकी घाबरते की समोरून जातानासुद्धा अंग चोरते.

"हे बघ. काय चुकलंय का?"

तिने एकदा शालूकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, "अगं बोल की!"

"ताई..." ती टेबलाला धरून म्हणाली, "दोन्ही बाह्या डाव्याच वाटतात."

जिभेच्या टोकाशी आलं होतं, तू मला शिकवणार का! मग खाली बघितलं. बाहीचा खांद्याकडचा उतार पुढून जास्त खोल असतो. कापड एकेरी असलं की दुसऱ्या बाहीसाठी मापाचा कागद उलटा ठेवून आखावं लागतं. मी तो उलटलाच नव्हता. पदराच्या दोन तुकड्यांतून दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या असत्या, आणि तिसऱ्या बाहीला मोरच उरले नसते. चांदवडच्या त्या बाईंचा शालूवरून फिरणारा हात दिसला. मी टेबलाला टेकून उभी राहिले आणि संगीतासमोरच रडले. मास्तर गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

खडूच्या रेघा झटकल्या. परत आखलं. तिला दाखवलं. ती म्हणाली, "आता बराबर हाय." मग कापलं.

नंतर मी तिला विचारलं, "तुला कधी दिसलं गं?"

"तुम्ही आखत होत्या ना, तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

ती हुकाची डबी हातात फिरवत राहिली. "तुम्ही इचारलंच नव्हतं," म्हणाली.

रात्री झोप लागली नाही. हिला इतक्या दिवसांत आणखी काय काय दिसलं असेल आणि मी विचारलं नसेल! सकाळी शटर उघडलं. साध्या अस्तराचं कापड होतं, कुणीही डोळे मिटून कापावं असं. आखलं, आणि कात्री बाजूला ठेवून संगीता यायची वाट बघत बसले.