पिवळा लेप

आमच्या शाळेतल्या मावशीच्या तोंडात स्वतःचे दात मोजून सात. बाकीचे चाळिशीच्या आतच गेले. तिच्या लेकीचंही तेच झालं. लहानपणी ती गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपायची आणि पुढे लग्नाच्या फोटोतही तिनं ओठ मिटूनच ठेवले. मावशी हे हसत सांगायची, पण शेवटी "चूक माझीच," असं म्हणायचीच.

म्हणून मधल्या सुट्टीनंतर ती पहिलीच्या बेचाळीस मुलांची रांग नळापाशी लावायची. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. प्रत्येकाच्या ब्रशला वेगळ्या रंगाचा दोरा, पेस्ट वाटाण्याएवढी, आणि मावशी टाळ्या वाजवत दोन मिनिटं मोजणार. "मागच्या दाढा कोण घासणार, तुमचे काका येणार आहेत का?" मुलं फेसाळल्या तोंडानं खिदळायची. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, या प्रकाराचा वैताग होता. पाणी सांडतं, तास उशिरा सुरू होतो. त्या निमित्तच शोधत होत्या.

ते निमित्त मी मिळवून दिलं. मी पहिलीची वर्गशिक्षिका.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी एकेका मुलाच्या दातांना कीड लागू नये म्हणून फ्लोराइडचा पिवळा लेप लावला. निघताना दारात मला म्हणाल्या, "आज ब्रश नको हं. उद्या सकाळपर्यंत लेप राहू दे." मी पालकांसाठी वह्यांमध्ये निरोप लिहून दिला. मावशीला सांगायचं डोक्यातच आलं नाही. खरं लिहायचं तर, तिला काही सांगावं लागतं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

सुट्टीनंतर मी शिक्षकखोलीत चहा पीत बसले. इकडे मावशीनं मुलांचे पिवळट, चिकट दात पाहिले आणि तिचा जीव खालीवर झाला. तिनं सगळ्यांना दोनदा घासायला लावलं. ज्यांचं निघेना त्यांचं स्वतः घासून काढलं. मी आले तेव्हा घामाघूम होऊन म्हणाली, "बघा बाई, कसे चकाचक केले!"

सगळा लेप निघून गेला होता आणि तासाभरात ते मोठ्या बाईंपर्यंत पोचलं.

त्यांनी आम्हा दोघींना बोलावून विचारलं, "ब्रश कुणी करायला लावला?"

"मीच," मावशी म्हणाली.

ते खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं मी गिळलं. मला नोकरीत कायम करायची फाइल त्याच बाईंच्या टेबलावर होती ना! रांग बंद झाली, ब्रश खोक्यात भरून कपाटावर गेले. मावशीनं मला कधी काही विचारलं नाही. ब्रश नको हा निरोप माझ्याकडे होता, हे तिला कळलंच नव्हतं. मलाच तिच्यासमोरून जाताना नजर वर करवेना. फाइलवर सही झाली, तरी मी गप्पच राहिले.

सहा महिन्यांनी डॉक्टर पुन्हा आल्या. पहिल्या बाकावरची मुलगी, जिला सगळे बडबडी म्हणतात, तिच्या तोंडात टॉर्च मारून त्या थांबल्या. मागच्या दाढेत खड्डा पडला होता.

"ब्रश करत नाहीस का गं?"

"घरी आईला घाई असते. शाळेत करायचो, पण मावशीनं बंद केलं."

मावशी कापसाचा ट्रे धरून शेजारीच उभी होती. मोठ्या बाईही होत्या. मला ते सोसवेना.

"डॉक्टर, ब्रश नको असं तुम्ही मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी मावशीला सांगितलंच नाही. तिची काही चूक नव्हती."

मावशीनं ट्रे खाली ठेवला, बडबडीची हनुवटी उचलली आणि वाकून तो खड्डा पाहिला.

"ही पडून दुसरी येते ना?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"नाही मावशी. ही कायमची दाढ आहे."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, मग एवढे दिवस तुम्ही कसली वाट बघत होतात?"