टेबलावर राहिलेली पट्टी

नीळकंठरावांना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून या गौरव अंकात सगळे त्यांच्याविषयी गोड लिहितील. मी त्यांना प्रथम पाहिलं तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांची गचांडी धरली होती.

आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो. वडील वकील. थोरला भाऊ वसंतदादा ऑपरेशनसाठी अमरावतीच्या दवाखान्यात होता. इंग्रजीत तार आली: ऑपरेशन झालं, सकाळी वारले, ताबडतोब निघा. शेजारच्या बायका जमल्या. वहिनीच्या एका हातातल्या बांगड्या फुटल्यासुद्धा. तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ बोळात सायकल टाकून ओरडत आत घुसले, "थांबा! फोडू नोका! तुमचा पोरगा जित्ता हाये!"

ते तार ऑफिसातले नीळकंठराव. वडिलांचा हात गळ्याशी असतानाच ते म्हणाले, "वकीलसाहेब, चूक माह्या हातची हाये. मारा मले, पन आधी ऐका."

ती चूक अशी झाली होती. तार यंत्रातून कागदी पट्टीवर छापून येई. ती कापून फॉर्मवर चिकटवायची. प्रत्येक तारेच्या सुरुवातीला तिच्यात किती शब्द आहेत तो आकडा येई. आमच्या तारेचा आकडा अमरावतीहूनच जास्तीचा आला. शब्द कमी पडताहेत असं पाहून नीळकंठरावांनी टेबलावर पडलेला तुकडा आमचाच समजून जोडला. 'सकाळी वारले, ताबडतोब निघा' हा तो तुकडा दुसऱ्याच घरच्या तारेचा, चुकून दोनदा छापलेला होता. आकड्याची दुरुस्ती आली तेव्हा आमची तार वाटेला लागली होती.

वरच्या साहेबांना हे त्यांनी स्वतःच कळवलं. बढती अडली, पण ते कधी कुरकुरले नाहीत. पुढे मी त्यांच्याच हाताखाली लागलो. घरात कुणालाच पटलं नव्हतं. मला मात्र हा माणूस जवळून पाहायचा होता. त्यांच्या टेबलावर कागदाचा कपटा राहत नसे. एकदा लांबलचक सरकारी तार आली. शब्दांच्या आकड्याला दोनच अंकांची जागा, त्यामुळे शंभराच्या पुढचा आकडा अर्धवटच उठला. आमचे एक सहकारी तेवढ्याच शब्दांवर तार कापायला निघाले. नीळकंठरावांनी कातरच काढून घेतली. "आकडा काहीबी म्हनो, तार जेथं संपते तेथंच कापाची. मेळ बसत नसन तं अमरावतीले विचार. मनानं जोडू नोको, मनानं तोडू नोको."

दर संक्रांतीला ते आमच्या घरी कासाराला पाठवतात. वहिनीनं बांगड्या भरल्या, एवढा निरोप मिळेपर्यंत त्यांना चैन पडत नाही.

सत्काराच्या दिवशी वहिनीच त्यांना ओवाळणार आहे. वसंतदादा शेजारी उभा असेल. नीळकंठरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. ओवाळताना वहिनीच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या वाजतील. तो आवाज त्यांनी आता तरी निवांतपणे ऐकावा.