देसाईंची वरात

सिग्नलला लाल डगल्यातला एक बँडवाला क्लॅरिनेट पुसत उभा होता. मी रिक्षातूनच त्याला नमस्कार केला. तो बुचकळ्यात पडला.

मागे आमच्या कंपनीच्या पार्टीचं संगीत माझ्याकडे होतं. बजेट तुटपुंजं, आणि साहेबांची फर्माईश एकच, "देसाई, बँड हवा!" त्यांच्या मनात गिटारवाली मुलं होती. मला बँड म्हणजे लग्नातला. परवडलाही तोच.

लाल डगले हॉलमध्ये शिरले आणि साहेबांचा चेहरा बघून वाटलं, आज आपली वरात निघणार. त्यात बँडमास्तरांनी अदबीनं विचारलं, "नवरदेव कुठं आहेत?"

"हे काय, इथंच!" म्हणत स्टोअरच्या कुलकर्णीबाईंनी पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या मला पुढं ढकललं. ढोल वाजला. साहेबांनी कोट काढला, रुमालाचं टोक दातांत धरलं आणि थेट नागीण डान्स सुरू केला. माझा जीव भांड्यात पडला.

गाणं ऐकायला खुर्ची लागते. या बँडपुढं खुर्चीत कुणी उरतच नाही, मग साहेब कोण नि कारकून कोण?

सिग्नल सुटला. बँडवाला लगबगीनं कुणाच्या तरी लग्नाला गेला. लोक अजून विचारतात, "देसाई, लग्न राहिलंच का हो?" राहिलं. पण वरात निघाली, एकदाची.