आत्याच्या पेशी कडेला का पळाल्या

आमची आत्या उभ्याउभ्या जगते. चहा उकळता असतानाच पिते, मग "भाजलं, भाजलं" करत बुटांत पाय कोंबते आणि डावा बूट उजव्या पायात गेलाय हे कळायच्या आत जिना उतरलेली असते. बाबा, म्हणजे तिचा दादा, खिडकीतून ओरडतात, "अगं, चष्मा!" खालून उत्तर येतं, "डोक्यावर आहे!" डोक्यावर असतो खरा, पण तो बाबांचा.

आणि ही बाई पेशी वाढवते! म्हणजे जगातलं सगळ्यात संथ काम. पेशींना ऊब द्यायची, खाऊ द्यायचा आणि वाट बघत बसायचं. यातलं शेवटचं सोडून आत्याला सगळं उत्तम जमतं.

प्रयोगशाळेत तिनं एक औषध करायला घेतलं होतं. भाजलेली कातडी लवकर भरून यावी म्हणून. ("आधी स्वतःच्या जिभेला लाव," इति बाबा.) तळहाताएवढी पारदर्शक प्लेट, तिच्यात ओळीनं इवलेसे खळगे. प्रत्येक खळग्यात कातडीच्या पेशी सोडायच्या, औषध घालायचं, एक रंग घालायचा. जिवंत पेशी त्या रंगानं चमकतात. मग प्लेट रीडर नावाच्या यंत्रात सरकवायची. यंत्र प्रत्येक खळग्याच्या मधोमध उजेड टाकतं आणि चमक किती त्याचा आकडा सांगतं. पेशी भरपूर, तर आकडा मोठा.

आत्याचा आकडा दर वेळी छोटा यायचा.

औषध न घातलेल्या प्लेटी मात्र मस्त चमकायच्या. त्या भरायचा तिचा सहकारी. आत्या त्याला गोगलगाय म्हणते, त्याच्या तोंडावर म्हणते, आणि त्यानं "ए, असं नको ना म्हणूस" एवढं वाक्य पुरं करेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत पोचलेली असते. तो पुष्कळदा सांगायचा, "अगं... एकदा... मायक्रोस्कोपखाली... बघ तरी."

"मायक्रोस्कोप वरच्या मजल्यावर! तिथली बाई दातांच्या डॉक्टरसारख्या तारखा देते! आकडा कळला ना? मग तोंड कशाला बघायचं?"

शेवटी प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी दोघांना बोलावलं. मोठे सर बोलतात तेव्हा शब्द आधी घशात रांग लावतात. "आं... म्हणजे... तसं बघायला गेलं तर... तुमचं औषध, हं, गुणी आहे. पण... आं... पेशी मारतंय." आज संध्याकाळी काम बंद, आणि फ्रिजमधला तिचा कप्पा दुसऱ्या कुणाला. आत्या हळूच "बरं" म्हणाली. आत्या! गोगलगाय म्हणतो, त्या क्षणी त्याला खरी भीती वाटली.

तेवढ्यात दारातून एक पेटी आत आली आणि पेटीमागून मशीनवाला. नवं यंत्र दाखवायला आलेला. "नमस्कार सर, नमस्कार मॅडम! आकडाही देतं, फोटोही काढतं, एकाच झाकणाखाली! प्लेट बाहेर काढायची नाही, जिना चढायचा नाही, उन्हात न्यायची नाही—"

"उन्हात कोण नेतं हो?" आत्या म्हणाली.

"तेच तर, मॅडम! न्यायचीच नाही!"

सर आत्याच्या हातातल्या प्लेटकडे बोट दाखवत म्हणाले, "आं... घाला. हीच प्लेट घाला."

यंत्र गुरगुरलं. आकडा आला. छोटा.

"बघा!" मशीनवाला हरखून म्हणाला, "किती स्पष्ट छोटा आलाय!"

आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पेटीच्या मागे सरकला. मग पडद्यावर फोटो उमटला, आणि चौघंही पुढे झुकले. खळग्याचा मधला भाग काळाकुट्ट, रिकामा. आणि कडेला, गोल, हिरव्यागार जिवंत पेशींची ही गर्दी! बाई आता प्रश्न विचारणार म्हटल्यावर सगळा वर्ग मागच्या बाकांवर जाऊन बसावा, तशा. पुढचा खळगा बघितला, तेच. त्याच्या पुढचा, तेच.

"मेल्या नाहीत! लपल्यात!" आत्या किंचाळली.

गोगलगायीनं तोंड उघडलं. "तू... प्लेट भरलीस की..."

"की काय? बोल ना रे!"

"...लगेच... उबेच्या कपाटात ठेवतेस?"

"मग काय तिला गाणं म्हणून दाखवू?"

"मी... जरा बसतो. मग ती पण... बसते."

आणि इथे मोठे सर घडाघडा बोलू लागले, एकदाही न अडखळता! म्हणे ताज्या पेशी द्रवात तरंगत असतात, प्लेट टेबलावर थोडा वेळ स्वस्थ ठेवली की त्या तळाशी सारख्या बसतात, थेट उबेत ढकलली तर ती एकसारखी तापत नाही, आतला द्रव फिरू लागतो, पेशी कडेला वाहत जातात, आणि रीडर बिचारा मधोमध बघतो, त्याला काय दिसणार, कपाळ? मग एकदम भानावर येऊन म्हणाले, "आं... पण यानं औषध मारत नाही एवढंच कळलं. गुण येतो का, ते... हं... कुठे कळलंय? एक प्लेट. शेवटची. औषधवाले, बिनऔषधवाले, सगळे तिच्यातच. आणि... आं... स्वस्थ बसून."

मशीनवाला म्हणाला, "राहू दे सर यंत्र, त्यालाही आता उत्सुकता आहे."

आत्यानं प्लेट भरली, टेबलावर ठेवली आणि समोर स्टुलावर बसली. गोगलगाय पहाऱ्याला.

"पाय हलवू नकोस. टेबल... हलतंय."

"श्वास घेऊ?"

"हळू."

तिथूनच तिनं कुजबुजत घरी फोन लावला. "दादा, मी बसलेय."

"अरे देवा! कुठे लागलं?" बाबा ओरडले.

ती बसली, पूर्ण वेळ बसली. मग प्लेट दोन्ही हातांनी उचलून, दुधाचं काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तशी कपाटात ठेवून आली. पेशींना वाढायला लागतो तेवढा वेळ गेला, आणि ठरल्या दिवशी सगळे यंत्रापुढे जमले.

बिनऔषधवाल्या खळग्यांचे आकडे आले, नेहमीसारखे. मग औषधवाले आले. मोठे. चांगले घसघशीत मोठे.

"मॅडम, अभिनंदन!" मशीनवाला टाळ्या पिटू लागला.

"थांबा हो!" आत्या म्हणाली. "फोटो दाखवा. सगळ्या खळग्यांचे."

एकेक फोटो सरकू लागला. हिरव्या पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या, मधोमधसुद्धा. एका फोटोत एक पेशी कमरेत आवळली जाऊन दोन होण्याच्या बेतात होती. "हिला बघा! अहो, हिला बघा ना!" म्हणत आत्यानं बोट पडद्याला टेकवलं. गोगलगाय चक्क झटकन वाकला, मशीनवाला वाकला, सर वाकले, आणि टण्ण!

"काम चालू ठेवा," मोठे सर कपाळ चोळत म्हणाले.