लोखंडी कपाटातलं सर्टिफिकेट

तंजावरच्या अनिरुद्धरावांचं बी.एस्सी.चं अस्सल सर्टिफिकेट नऊ वर्षं एका लोखंडी कपाटात पडून होतं. कपाट एका खाजगी बस कंपनीचं. नोकरीला लागले त्या दिवशी मॅनेजर सुब्रमण्यम यांनी ते गोड हसून मागून घेतलं. "इथं सुरक्षित राहील, राव सार." आणि राहिलं की! इतकं सुरक्षित, की ज्याचं त्यालाच पुन्हा दिसलं नाही.

कंपनीच्या चाळीस गाड्या. पापनाशम, तिरुवैयारु, ओरत्तनाडु, दिवसभर ये-जा चालू. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर बसणार, हे रोज सकाळी अनिरुद्धरावांचा प्रोग्राम ठरवायचा. त्यांनी एकट्यानं लिहिलेला आणि एकट्यालाच कळणारा. सुरुवातीला त्याची केवढी ऐट वाटायची त्यांना! पुढं कळलं की आपण स्वतःच्याच हातानं स्वतःला खुर्चीला बांधून घेतलंय. सासरे वारले तेव्हासुद्धा चौथ्या दिवशी माणूस पाठवून बोलावून नेलं होतं. एक सुटी म्हणून धड मिळत नव्हती.

सत्याण्णव साली मद्रासच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं. एक जूनला हजर व्हा, अस्सल सर्टिफिकेट घेऊन या. अनिरुद्धरावांनी ते पत्र दिवसातून चार वेळा वाचलं. चाळिशी उंबरठ्यावर होती, असं पत्र दुसऱ्यांदा थोडंच येणार होतं?

सर्टिफिकेट परत मागितलं तेव्हा सुब्रमण्यम चिडले नाहीत. तो माणूस चिडायचाच नाही, तीच तर पंचाईत. "जा ना सार, कोण अडवतंय? फक्त सगळं लिहून द्या. दुसऱ्या कुणी ते वाचून प्रोग्राम चालवून दाखवला, की त्याच मिनिटाला कपाट उघडतो."

अनिरुद्धरावांच्या जिवात जीव आला, कारण नेमकं याच कामाचं हत्यार त्यांच्या हाताशी होतं. तिरुच्चीच्या इंजिनियरिंग कॉलेजातला मित्र त्यागराज यानं त्यांना फ्लॉपीवर 'नोवेब' नावाचं साधन दिलं होतं. फुकट. ज्याला हवं त्यानं घ्यावं, उघडून आत काय आहे ते बघावं, वाटलं तर बदलावं. त्याची रीत अशी, की प्रोग्राम माणसाला समजावून सांगावा तसा लिहायचा. हे असं का केलं, ते तसं का नाही, हे आपल्या बोलीत सांगायचं, आणि त्या सांगण्याच्या मध्ये मध्ये कोड घालायचा. एका आज्ञेनं मशीनसाठी नुसता कोड वेगळा निघतो, दुसरीनं वाचायला छापील पुस्तक तयार होतं. फाइल मात्र एकच.

मार्चमध्ये ते कामाला बसले. इंग्रजीत पहिलं वाक्य उमटलं ते असं, की 'खालील लूप आपल्या कृपावलोकनार्थ सविनय सादर करीत आहे.' कपाळाला हात लावला त्यांनी. जन्मभर इंग्रजीत अर्जच केलेले, दुसरं येणार कुठून? बाजारात तमिळ फाडफाड बोलत, पण डोक्यात विचार चालायचा तो घरच्या मराठीत. देवनागरी तर त्यांना वाचताही येत नव्हती. मग इंग्रजी अक्षरांतच घरची मराठी लिहायला घेतली. शेवटी इंग्रजी करून टाकू, म्हणाले. आणि काय सांगावं, पाण्यासारखं सुटलं!

सुटायला कारण होतं. ते लिहीत होते बायकोला सांगावं तसं. सुप्रभाबाई कुंभकोणमच्या, गणितात बी.एस्सी., पहिल्या वर्गात पास. त्यांचं सर्टिफिकेट अकरा वर्षं ट्रंकेत लग्नाच्या साडीखाली होतं, कुणी म्हणून विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्या विळीवर भाजी चिरत आणि अनिरुद्धराव प्रोग्राम सांगत. "आणि दुसरा ड्रायव्हरच नसला तर?" बाई मान वर न करता विचारत. अनिरुद्धराव ते टिपून घेत. सकाळी ऑफिसात जाऊन तेवढं दुरुस्त करत.

मेच्या मध्यावर एकशे चाळीस पानं झाली. प्रोग्राम पूर्वी कधी चालला नव्हता इतका सरळ चालू लागला. राहिलं होतं फक्त इंग्रजी करणं. आठवडाभरात दोन पानं झाली, आणि तीही अर्जासारखीच. तेवढ्यात सुब्रमण्यमनी छापील पुस्तक उचलून नेलं.

"सार, ही तमिळ नाही," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले.

"मराठी आहे. आमची."

"मग काय अडलं?" सुब्रमण्यम खूष झाले. इंजिनं तपासायचं नवं यंत्र बसवायला पुण्याचा एक इंजिनियर त्या आठवड्यात आलेलाच होता. त्याला बोलावलं. त्यानं एक पान उघडून मोठ्यानं वाचलं, "पळुदु झालेल वण्डीच मुरै दुसरेला देणं."

म्हणजे बिघडलेल्या गाडीची पाळी दुसरीला द्यायची. तंजावरच्या कुठल्याही मराठी घरात शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पुण्याचा माणूस हसला. "पळुदु काय, मुरै काय! अहो, ही मराठी नव्हे. तमिळ असेल बघा."

तमिळ म्हणते आमची नाही, पुणं म्हणतं आमची नाही! पूर्वज इथं आल्यापासून तीनशे वर्षं जी भाषा घरात बोलली गेली, ती भर ऑफिसात बेवारशी ठरली. अनिरुद्धरावांना रडू आलं. राग पुण्याच्या माणसाचा नव्हता, स्वतःचा होता. सुटायचं म्हणून रस्ता खणायला बसलो आणि एकुलतं एक दारही लिंपून घेतलं!

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. सुप्रभाबाईंनी पदर खोचला. "मी वाचतें की. उद्या येतें."

आल्या. नेमकी त्या दिवशी पापनाशमची गाडी बंद पडलेली. बाईंनी पुस्तक उघडलं, एकेक वाक्य वाचून सुब्रमण्यमना तमिळमध्ये सांगत गेल्या, आणि सांगता सांगता पुस्तकात लिहिल्याप्रमाणे कॉम्प्युटरच्या कळा दाबून बदली गाडी, बदली ड्रायव्हर लावून मोकळ्या झाल्या. सुब्रमण्यम बघतच राहिले. अनिरुद्धरावांची छाती अभिमानानं भरून आली.

मग शेवटचं पान आलं, आणि अनिरुद्धराव खुर्चीतून अर्धे उठले. कोण वाचणार म्हणून तिथं त्यांनी मनातलं लिहून ठेवलं होतं. बाईंनी मोठ्यानं वाचलं, "वाचणारेला एक सांगतों. हे सगळ शिक, पण तुझा परीक्षेचा कागद ह्यांला देऊ नको. माझा कपाटांत अहे. मला कोणी सोडीनांत."

बाईंनी पान पालथं ठेवलं.

"काय लिहिलंय, अम्मा?" सुब्रमण्यमनी विचारलं.

"दर शुक्रवारी फ्लॉपीवर एक कॉपी काढून ठेवा म्हणतायत," बाईंनी तमिळमध्ये सांगितलं.

सुब्रमण्यमनी टेबलावर थाप मारली. "झालं तर! सार मद्रासला, अम्मा इथं. उद्यापासून या. फक्त तुमचं अस्सल सर्टिफिकेट तेवढं—"

"आणलंय." सुप्रभाबाईंनी पिशवीतून ते काढलं. घरूनच आणलं होतं. साडीच्या घड्यांचा वास होता त्याला.

अनिरुद्धरावांनी तोंड उघडलं. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि घरच्या बोलीत हळूच म्हणाल्या, "बोलूं नकां. तुम्ही पुढं जा. मी येतें मागून."

"कधी?"

बाईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. आणि खरं सांगायचं तर अनिरुद्धरावांनीही पुन्हा विचारलं नाही. तो कागद त्यांना हवा होता. हवा होता याची त्यांना लाज वाटत होती, आणि तरी हवाच होता.

सुब्रमण्यमनी कपाट उघडलं. खाकी लिफाफ्यातून अनिरुद्धरावांचं सर्टिफिकेट काढून त्यांच्या हातात दिलं, आणि बाईंचं त्याच लिफाफ्यात सरकवलं. लिफाफ्यावर नऊ वर्षांपूर्वीच्या शाईत फक्त 'राव' लिहिलेलं होतं.

"हे बदलायला नको," ते गोड हसून म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकली.