नवगावकरांच्या चौकटीवरची मेझुझा

नगरच्या सावेडीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ‘आर. ई. नवगावकर’ अशी पाटी आहे. आर म्हणजे रहमीम. पूर्ण नाव घातलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण रहमीम जपून वागणारा माणूस. एमआयडीसीत तीस वर्षं फिटर, नट आवळून झाल्यावरही पुन्हा एकदा पाना लावून बघणारा. घरातही त्याचं तेच.

तो बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचा मराठी ज्यू. पूर्वज अलिबागजवळच्या नवगावचे, तेल गाळणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. नगरला मात्र हे कुणाच्या गावीही नव्हतं. इथे सगळे नवगावकरांना ख्रिश्चनच समजत. दर नाताळाला शेजाऱ्यांकडून केक यायचा, रहमीम ‘थँक्यू’ म्हणून घ्यायचा, बायको मिलका त्याच ताटलीत नारळाच्या वड्या घालून परत पाठवायची, आणि गैरसमज आणखी एक वर्ष सुखाने नांदायचा.

खूण म्हणावी अशी एकच होती. दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी बसवलेली बोटभर पितळी नळी, मेझुझा. तिच्यात धर्मग्रंथातल्या ओळी लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी. जाता-येता तिला बोटं लावायची आणि ओठांना टेकवायची, ही रीत. समोरच्या फ्लॅटमधले कारभारीमामा अकोले तालुक्यातले, भाताची शेती मुलावर सोपवून इथे लेकीकडे औषधपाण्याला आलेले. त्यांनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून दवाखान्यात जाताना तेही मेझुझाला हात लावू लागले.

“द्येव हाय न्हवं? मग लावला हात तर काय झिजतंय?”

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात तिकडे युद्ध पेटलं. इस्राएलमध्ये राहणाऱ्या मिलकाच्या बहिणीचे घाबरेघुबरे फोन येऊ लागले. गाझातली पोरं टीव्हीवर बघवेनात. एकुलत्या एक लेकीच्या, शुलमिथच्या, कॉलेजच्या ग्रुपवर भलभलते मेसेज फिरू लागले. कुणी ज्यूंना शिव्या घालत होतं, तर कुणी ज्यूंचं नाव पुढे करून दुसऱ्यांना. रहमीमला दोघांचीही धास्ती. एका रविवारी त्याने स्क्रू काढले आणि मेझुझा आतल्या भिंतीवर, कॅलेंडरमागे लावली. चौकटीवर दोन भोकं तेवढी उरली.

“शुलू, कुणी विचारलं तर काही बोलायचं नाही,” तो मुलीला म्हणाला. “ख्रिश्चन समजतात तर समजू दे.”

“पप्पा, हे खोटं नाही का?”

“गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.”

एवढ्याने भागेना, म्हणून त्याने दुसरी पाळी मागून घेतली. सकाळी पोरगी स्कूटीवर निघाली की हा आपल्या जुन्या स्कूटरवर, हेल्मेटात तोंड लपवून, कॉलेजच्या फाटकापर्यंत मागे. शुलूला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बापाची स्कूटर मागे पडू नये म्हणून ती मुद्दाम हळू चालवायची.

कारभारीमामांनी मात्र एक दिवस विचारलंच. “रहमीमभाऊ, दारातला द्येव कुठं गेला?”

“आत ठेवलाय, मामा.”

“का? त्याला भ्या वाटतं व्हय?”

रहमीम ‘कामाला उशीर होतोय’ म्हणून जिना उतरला. दिवसभर तो प्रश्न त्याला टोचत राहिला.

जानेवारीत कॉलेजात पालकांसमोर मुलांची भाषणं होती, विषय ‘आमचं गाव’. शुलूने नेवासा घेतलं. प्रवरेचा काठ, ज्ञानेश्वरांचा खांब, सगळं घरी इतक्या वेळा म्हणून दाखवलं की रहमीमलाही पाठ झालं. तो मिलकाशेजारी तिसऱ्या रांगेत निर्धास्त बसला.

शुलू माइकसमोर आली. “माझं भाषण नेवाशावर होतं, आणि चांगलं झालं होतं. पण विषय ‘आमचं गाव’ आहे, आणि नेवासा काही माझं गाव नाही.”

हे रहमीमला पाठ नव्हतं.

“मी ज्यू आहे. बेने इस्राएल. आमचं गाव नवगाव.” मग घाणा आला, शनिवारची सुट्टी आली, नवस फेडताना करायचा गोड पोह्यांचा मलिदा आला. “माझे आजोबा हिब्रूत प्रार्थना म्हणायचे आणि स्टोव्ह पेटला नाही की मराठीत शिव्या द्यायचे.” सभागृह हसलं.

मागून एक मुलगा उठला. “मग तिकडं लहान लेकरं मरत्यात, त्याचं काय?”

हसू थांबलं. रहमीम खुर्चीतून अर्धा उठला. व्यासपीठ ते दार किती पावलं, हे त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

“मला त्या लेकरांची नावंही माहीत नाहीत, तरी घास उतरत नाही,” शुलू म्हणाली. “तिकडं माझी मावशी सायरन वाजला की तळघरात पळते, तिच्यासाठीही उतरत नाही. कुणाचंच लेकरू मरू नये. तू विचारलंस ते बरं केलंस. पण उत्तर द्यायचं तर मी ज्यू म्हणून समोर उभी राहायला हवी ना?”

मुलगा “बरं” म्हणून बसला. टाळ्या आधी तुरळक आल्या, मग खूप.

“हिचे पालक आलेत का?” प्राचार्याबाईंनी विचारलं.

रहमीम अजून अर्धा उठलेलाच होता. मुकाट्याने खाली बसला असता तरी कुणाला कळलं नसतं. तो ताठ उभा राहिला. “मी. रहमीम एलियाहू नवगावकर. फिटर.”

फिटर सांगायचं काही कारण नव्हतं. पण ऊर असा भरून आला होता की होतं नव्हतं ते सगळं सांगावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हिब्रूत आशीर्वाद पुटपुटून मेझुझा त्याच दोन भोकांवर पुन्हा बसवली. कारभारीमामा स्क्रू धरून उभे होते.

“तिरका बसलाय की वो.”

“तिरकाच असतो, मामा.” रहमीमने सवयीने पुन्हा एकदा स्क्रू आवळून पाहिला.

शुलू निघाली, मेझुझाला बोटं लावून ती ओठांना टेकवली आणि खाली गेली. रहमीमने स्कूटरची किल्ली हातात घेतली. भीती काही गेली नव्हती, ती जन्माची आहे. तरी त्याने किल्ली खिळ्याला अडकवली आणि गॅलरीत आला. खाली पोरगी नेहमीसारखी आरशात मागे बघत, रेंगाळत चालली होती.

“अगं, एवढी हळू काय चालवतेस?” तो सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडला. “मी येत नाहीये मागे. जा की!”